जॉर्डनला नोव्हेंबरमध्ये जावे की नाही? ‘देश सुरक्षित आहे का’ हे नेमके ठरवायचे कसे?

माधवी_फोंडा
नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट विचारला तर उत्तरेही अर्धवट येतील, म्हणून सविस्तर लिहिते. मी आणि माझे यजमान यंदाच्या मे महिन्यात, म्हणजे २०२५ मध्ये, निवृत्त झालो. आमच्या शेजारी एक कॅथलिक जोडपे राहते आणि त्यांना कित्येक वर्षांपासून होली लँडला, म्हणजे येशूच्या भूमीत, जायचे आहे. मला स्वतःला जॉर्डनमधल्या पेट्रा या खडकात कोरलेल्या प्राचीन शहराची ओढ आहे. एका प्रवास कंपनीने आम्हा चौघांना अकरा दिवसांचा कार्यक्रम दिला आहे. त्यानुसार अम्मान आणि पेट्रा पाहायचे, तिथून जॉर्डन नदीवरच्या पुलावरून पलीकडे जेरुसलेमला जायचे, मग ताबाची इस्रायल–इजिप्त सरहद्द ओलांडून सिनाई आणि शेवटी कैरो गाठायचे. विमान सोडले तर सगळा प्रवास बसने आहे. प्रत्येकी पंचवीस हजार रुपये आगाऊ भरले आहेत आणि दुसरा हप्ता गणेश चवथीनंतर भरायचा आहे.

जूनमध्ये इस्रायल आणि इराण यांच्यात बारा दिवस क्षेपणास्त्रे उडाली, तेव्हापासून घरात रोज वाद चालू आहे. मुलगा म्हणतो की आई, हे वेड आहे. कंपनीचा माणूस म्हणतो की मॅडम, तिकडे काहीही नाही, टीव्हीवाले वाढवून सांगतात. दोघांचेही ऐकून घेतल्यावर मला एवढेच कळले की दोघांपैकी एकानेही नकाशा उघडलेला नाही. ‘जा’ किंवा ‘जाऊ नका’ असे उत्तर मला नको आहे. हे ठरवण्याची रीत कोणी सांगितली तर बरे होईल.

पडवीतला_वाचक
ताई, हंपी सुंदर आहे आणि सकाळी निघून संध्याकाळी पोहोचता येते. एवढा खर्च करून काळजी विकत कशाला घ्यायची?

माधवी_फोंडा
हंपी तीनदा झाली. प्रश्न वेगळा आहे.

दर्यावर्दी_वास्को
मी सत्तावीस वर्षे जहाजावर काढली. आमच्या गावात ज्याला तारवटी म्हणतात, त्यातला मी एक. त्यामुळे ‘तिकडे जावे का’ हा प्रश्न आमच्यापुढे हौसेचा म्हणून कधी आला नाही, पोटाचा म्हणून आला. माझे शिक्षण बेताचे, पण एक गोष्ट तिथे पक्की शिकलो, ती अशी की ज्याचे पैसे बुडणार आहेत त्याचा नकाशा आधी बघावा. लंडनच्या विमा बाजारात जॉइंट वॉर कमिटी आहे. ती धोक्याच्या समुद्री भागांची यादी काढते आणि त्या पाण्यात जहाज न्यायचे असेल तर मालकाला जादा हप्ता मोजावा लागतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनच्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात गॅलेक्सी लीडर हे मोटारी वाहणारे जहाज पळवले, त्यानंतर मोठमोठ्या कंपन्यांनी सुएझ सोडून अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. टीव्हीवरच्या चर्चेपेक्षा त्या वळशाने मला जास्त सांगितले, कारण वळशाला इंधन लागते आणि इंधन कोणी उगाच जाळत नाही.

आता दुसरी बाजू. जॉर्डनचे अकाबा बंदर त्याच समुद्राच्या उत्तर टोकाला आहे, पण दक्षिण टोकाची, येमेनजवळची बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी तिथून सुमारे दोन हजार किलोमीटर दूर. समुद्र एकच असला तरी धोका एकच नव्हे. ‘तांबडा समुद्र पेटला’ हे वाक्य जहाजाच्या कॅप्टनसाठी खरे होते. अकाबाच्या किनाऱ्यावर चहा पिणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ फारसा लागू नव्हता.

आणखी एक सांगतो, ताईंनी ते कंपनीला विचारावे. आमच्या करारात असे असते की एखादा भाग युद्धसदृश म्हणून जाहीर झाला, तर खलाशाला तिथे जाण्यास नकार देता येतो आणि कंपनीने त्याला स्वतःच्या खर्चाने घरी पोहोचवायचे असते. प्रवाशाला असा हक्क आपोआप मिळत नाही, तो आधी कागदावर मागून घ्यावा लागतो.

नकाशेवाला_पेडणे
मी शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे नकाशाचा उल्लेख वाचून राहवले नाही. ताई, तुमच्या प्रश्नातला ‘देश’ हा शब्द मी आधी काढून टाकेन. तुमचा प्रवास तीन देशांचा आहे, त्यात दोन भू-सरहद्दी आहेत, आणि प्रत्येक टप्प्याचे उत्तर वेगळे आहे. एका कागदावर अकरा दिवस लिहा, प्रत्येक दिवसासमोर मुक्काम आणि रस्ता लिहा, आणि मग प्रत्येक ओळीला वेगळा प्रश्न विचारा.

जॉर्डनपुरते पाहिले तर अम्मानहून पेट्रा सुमारे सव्वादोनशे किलोमीटर दक्षिणेला आहे, म्हणजे पणजीहून कोल्हापूर धरा. वादी रमचे वाळवंट आणि अकाबा आणखी खाली. सीरियाची सरहद्द मात्र उत्तरेला आहे. ब्रिटिश परराष्ट्र खाते जॉर्डनमध्ये सीरियाच्या सरहद्दीपासून तीन किलोमीटरच्या पट्ट्यात अत्यावश्यक कामाशिवाय जाऊ नये असे सांगते. सबंध देशाबद्दल तसे सांगत नाही. याच जुलैत सीरियाच्या स्वैदा प्रांतात मोठा रक्तपात झाला आणि तो प्रांत जॉर्डनला अगदी लागून आहे. म्हणून उम्म कैस हे उत्तरेकडचे ठिकाण, जिथून इस्रायलच्या ताब्यातल्या गोलान टेकड्या दिसतात, मी यादीतून काढले असते; पेट्रा काढले नसते. २८ जानेवारी २०२४ ला टॉवर २२ या अमेरिकी तळावर ड्रोन पडून तीन सैनिक मेले. ते ठिकाण ईशान्येच्या वाळवंटात, सीरियाच्या सरहद्दीजवळ आहे, पण बातमीत छापून आले ‘जॉर्डनमध्ये हल्ला’. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या एकत्र वाचल्या की दिशाभूल होते.

हे पटत नसेल तर परदेशी सरकारे आपल्याबद्दल काय लिहितात ते वाचा. ब्रिटन आपल्या नागरिकांना भारत–पाकिस्तान सरहद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत जाऊ नका असे सांगते. यंदा मे महिन्यात उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ नागरी वाहतुकीसाठी बंद होते, तेव्हा माझी लिस्बनची भाची रोज फोन करून विचारायची की मामा, तुम्ही तळघरात आहात का. मी त्या वेळी म्हापशाच्या बाजारात फणस घासाघीस करून घेत होतो. तिचे चुकले असे मी म्हणत नाही. तिच्याकडे देशाचे नाव होते, नकाशा नव्हता.

सरकारी सल्ल्यांबद्दल एक सूचना आहे. अमेरिका २०१८ पासून एक ते चार अशा पायऱ्या देते आणि ऑस्ट्रेलियाही चार पायऱ्या देते. आपले परराष्ट्र मंत्रालय मात्र पायऱ्या देत नाही, प्रसंग घडला की त्या देशापुरते पत्रक काढते. म्हणून आपल्या मंत्रालयाचे पत्रक नाही याचा अर्थ ‘सर्व ठीक’ असा घेऊ नये. तीनचार देशांचे सल्ले शेजारी ठेवून वाचावेत, आकडा न पाहता मजकूर पाहावा, आणि मजकुरात कोणत्या जिल्ह्याचे व कोणत्या रस्त्याचे नाव आहे ते शोधावे. तारीखही पाहावी. आज वाचायचे आणि पुन्हा निघण्याच्या आठवड्यात वाचायचे. मधल्या काळात कोणता शब्द बदलला, हीच खरी माहिती असते.

साळावलीचा_साळ
माझा मावसभाऊ मार्चमध्ये सहकुटुंब जाऊन आला. एका पोलिसाने सुद्धा अडवले नाही. सगळे अगदी शांत आहे, बिनधास्त जावे.

नकाशेवाला_पेडणे
आपला मावसभाऊ सुखरूप आला याचा आनंद आहे. तो जूनच्या तेरा तारखेला, म्हणजे लढाई सुरू झाली त्या दिवशी, अम्मानमध्ये असता तर काय झाले असते, हे त्याच्या अनुभवातून कळत नाही. कळंगुटला लाल बावटा असताना पाण्यात उतरून परत आलेले शेकडो लोक आहेत. त्यांना विचारले तर समुद्र शांतच असतो.

दोहावासी_मडगावकर
तेरा जूनचे विचारू नका, मी तेवीस जूनचे सांगतो. मी दोह्यात नोकरी करतो. त्या संध्याकाळी कतारने आपले हवाई क्षेत्र बंद केल्याचा संदेश आला आणि थोड्याच वेळात इराणने इथल्या अल उदैद तळावर, जिथे अमेरिकी सैन्य असते, क्षेपणास्त्रे सोडली. आमच्या इमारतीच्या गच्चीवरून आकाशात प्रकाशाचे गोळे दिसले, मग थोड्या वेळाने काचा थरथरल्या. माझी पत्नी देवापुढचा दिवा विझू नये म्हणून त्याला हाताचा आडोसा धरून उभी होती; का, ते तिलाही नंतर सांगता आले नाही. शहरात कोणाला इजा झाली नाही आणि मध्यरात्रीनंतर आकाश पुन्हा उघडले.

आता यातले प्रवाशाच्या कामाचे. आकाश काही तास बंद होते, पण गोंधळ कित्येक दिवस चालला. आखातातल्या विमान कंपन्यांचे सगळे वेळापत्रक एका विमानतळाभोवती गुंफलेले असते. तो एक धागा ओढला की सगळे विस्कटते. मला भेटलेल्यांपैकी सर्वात जास्त हाल त्यांचे झाले, ज्यांनी गोवा ते दोहा एका कंपनीचे आणि दोहा ते पुढे दुसऱ्या कंपनीचे अशी दोन स्वस्त तिकिटे वेगवेगळी काढली होती. पहिली कंपनी म्हणते की आम्ही तुम्हाला दोह्याला पोहोचवले, दुसरी म्हणते की तुम्ही वेळेवर आला नाहीत. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल तर पुढची व्यवस्था करणे कंपनीला भाग पडते. माधवीताई, तुमच्या कंपनीने कोणती तिकिटे काढली आहेत ते आजच विचारा. क्षेपणास्त्र डोक्यावर पडण्यापेक्षा विमानतळाच्या फरशीवर दोन रात्री काढाव्या लागण्याची शक्यता कितीतरी जास्त असते, आणि सत्तरीच्या आसपासच्या माणसाला रक्तदाबाची गोळी सामानात अडकली की तेही साधे प्रकरण राहत नाही. औषधे हातातल्या पिशवीत ठेवा, ठरलेल्या दिवसांपेक्षा दहा दिवसांची जास्त.

जॉर्डनचे आकाश एप्रिल २०२४ मध्ये आणि पुन्हा या जूनमध्ये बंद झाले होते. दोन्ही वेळा लवकर उघडले, पण इराणने इस्रायलवर सोडलेल्या आणि वाटेत पाडलेल्या ड्रोनचे अवशेष जॉर्डनच्या जमिनीवर पडले. तेव्हा ‘आमच्यावर कोणी नेम धरलेला नाही’ हे खरे असले तरी ते पुरेसे नाही.

जुना_कुवेतकर
माझे वय आता ७६ आहे, टंकायला वेळ लागतो, चुका पोटात घालाव्यात.

२ ऑगस्ट १९९० ला मी कुवेतमध्ये होतो. आदल्या रात्री जेवून झोपलो तेव्हा कुवेत हा जगातला सर्वांत सुरक्षित देश आहे असे मीच भावाला पत्रात लिहिले होते. सकाळी उठलो तर रस्त्यावर इराकी रणगाडे. बँक बंद, पगार बंद. पुढे आम्ही बसने बगदाद आणि तिथून वाळवंटातून जॉर्डनच्या सरहद्दीवर आलो. तिथल्या तंबूंमध्ये दिवसा अंग भाजायचे आणि रात्री थंडी वाजायची. पाण्याचा टँकर आला की ओळ लागायची. मग अम्मानहून एअर इंडियाचे विमान मिळाले. त्या वेळी ४८८ फेऱ्यांमधून एक लाखाहून अधिक भारतीय आले, त्यात आपल्या गोव्याचे किती तरी होते. यंदा जूनमध्ये ऑपरेशन सिंधूच्या वेळी इस्रायलमधल्या आपल्या बऱ्याच लोकांना पुन्हा अम्मानमार्गे आणले, हे वाचून मी पेपर बाजूला ठेवून थोडा वेळ नुसता बसलो.

माझे म्हणणे एवढेच आहे की त्या भागात काही झाले की लोक जॉर्डनमधून बाहेर पडत नाहीत, जॉर्डनकडे येतात. म्हणून माधवीबाईंच्या कार्यक्रमात जॉर्डन सुरुवातीलाच उरकून पुढे जाणे मला उलटे वाटते. परतीचे विमान जिथून आहे, त्या गावापासून जितके लांब आणि जितक्या जास्त सरहद्दींपलीकडे जाल, तितका परतीचा रस्ता दुसऱ्याच्या मर्जीवर.

आणि पासपोर्ट कोणाच्याही हातात देऊ नये, गटप्रमुखाच्या सुद्धा. आमचे पासपोर्ट मालकाच्या कपाटात होते आणि मालक पळून गेला होता.

नकाशेवाला_पेडणे
काकांनी परतीच्या रस्त्याचा मुद्दा मांडला, त्याला जोडून ताबाबद्दल लिहिणे भाग आहे. १६ फेब्रुवारी २०१४ ला ताबाच्या सरहद्द चौकीपाशी एका प्रवासी बसमध्ये स्फोट झाला. त्या बसमध्ये दक्षिण कोरियाचे ख्रिस्ती यात्रेकरू होते, सेंट कॅथरिनचा मठ पाहून ते इस्रायलकडे निघाले होते. तीन कोरियन आणि इजिप्शियन चालक असे चौघे मरण पावले. तुमचा रस्ता तोच आहे, दिशा फक्त उलटी. त्यानंतर अकरा वर्षे उलटली आहेत, आणि एका घटनेवरून रस्ता कायमचा बाद करावा असे मी म्हणत नाही. पण ठरलेल्या वेळी, ठरलेल्या चौकीवर, एकसारख्या टोप्या घालून उभी राहणारी बस लांबून ओळखू येते, आणि सरहद्दीवर तिला दोनतीन तास उभे राहावे लागते. इस्रायलबद्दल तर सध्या बहुतेक सर्व सरकारांचे सल्ले कडक आहेत. त्या टप्प्यावर वेगळा वाद घालण्याची गरज मला वाटत नाही.

जॉर्डनमध्येही काही घडलेच नाही असे नाही. डिसेंबर २०१६ मध्ये करकच्या किल्ल्यात गोळीबार झाला आणि मृतांत एक कॅनेडियन पर्यटक होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये जेराशच्या अवशेषांमध्ये एकाने पर्यटकांवर चाकूने वार केले. त्याच २०१९ सालात पेट्राला दहा लाखांवर लोक येऊन गेले. ही दोन वाक्ये शेजारी ठेवून ज्याचे त्याने वजन करावे.

मात्र ज्याबद्दल घरात वाद होत नाही, ती गोष्ट मला जास्त सतावते. ऑक्टोबर २०१८ मध्ये मृत समुद्राजवळ अचानक आलेल्या लोंढ्यात २१ जण वाहून गेले, त्यात बहुतेक शाळेची मुले होती. दोन आठवड्यांनी पेट्रात पाणी शिरले आणि हजारो पर्यटकांना बाहेर काढावे लागले. पेट्राला जाणारी सीक नावाची घळ सव्वा किलोमीटर लांब आहे, दोन्ही बाजूंना उभे कडे, काही ठिकाणी जेमतेम गाडीएवढी रुंद. डोंगरमाथ्यावर कुठेतरी पाऊस पडतो आणि खाली ऊन असतानाच लोंढा येतो. दूधसागर पावसात का बंद ठेवतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. तुम्ही नोव्हेंबरमध्ये जाणार आहात आणि तिकडचा पाऊस तेव्हाच सुरू होतो. अम्मानमधला मोर्चा टाळण्यासाठी शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर जुन्या शहराच्या मध्यभागी जाऊ नये, एवढे केले तरी बऱ्यापैकी भागते. हवामान खात्याचा इशारा असेल त्या दिवशी सीकमध्ये न जाण्यासाठी मात्र हातात एक मोकळा दिवस असावा लागतो, आणि अकरा दिवसांत तीन देश बसवणाऱ्या कार्यक्रमात तो नसतो.

विमा_आणि_विसंबा
माझे काम विम्याचे आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. आपल्याकडच्या बहुतेक प्रवास विम्यांमध्ये युद्ध आणि युद्धसदृश कारवाई वगळलेली असते. पहिल्या पानावर पन्नास हजार डॉलरचा आकडा ठळक असतो आणि ही ओळ अठराव्या पानावर असते. पाय घसरून हाड मोडले तर पैसे मिळतील. आकाश बंद झाले म्हणून चार रात्री हॉटेलात काढल्या तर बहुधा मिळणार नाहीत. तेवढी रक्कम विम्यात न धरता स्वतःच्या कार्डावर मोकळी ठेवावी. विमा घेण्याच्या आधीच ज्या घटनेची बातमी आलेली आहे, त्या घटनेसाठी दावा करता येत नाही, हेही पाहून घ्यावे.

माधवी_फोंडा
सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही चौघे जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसलो आणि नकाशेवाल्या सरांनी सांगितल्याप्रमाणे अकरा ओळी लिहिल्या. चौथ्या ओळीपर्यंत कोणाचा आवाज चढला नाही. पाचव्या ओळीवर, म्हणजे पुलावरून पलीकडे जाण्याच्या दिवशी, मुलगा काही बोलायच्या आत शेजारच्या वहिनीच म्हणाल्या की हे आपण पुढे कधीतरी पाहू. त्यांचे डोळे भरून आले होते, कारण जेरुसलेम हेच त्यांचे मूळ कारण होते. पण त्यांच्या फादरांनी त्यांना सांगितले की जॉर्डन नदीच्या पूर्व काठावरचे अल-मघतास हे बाप्तिस्म्याचे स्थळ जॉर्डनमध्येच आहे, बायबलमधला नेबो पर्वतही तिथेच आहे, आणि मदबाच्या चर्चमधल्या फरशीवर सहाव्या शतकातला होली लँडचा नकाशा आहे आणि त्यात जेरुसलेमही आहे. अल-मघतास तर थेट सरहद्दीवर आहे, नदी तिथे आपल्या ओहोळाएवढी, पलीकडच्या काठावरची माणसे दिसतात. ती सरहद्द आणि सीरियाची सरहद्द एका मापाने मोजता येत नाहीत, हे मला आता समजले.

सध्याचा बेत फक्त जॉर्डनचा आहे, आठ दिवस. उम्म कैस काढले. पेट्राला दोनऐवजी तीन रात्री ठेवल्या. अम्मानच्या भारतीय वकिलातीचा क्रमांक चौघांच्या पाकिटात कागदावर लिहून ठेवणार आहोत. प्रवास कंपनीला मी तीन प्रश्न लेखी पाठवले. जॉर्डनपुरता कार्यक्रम करून आगाऊ रक्कम त्यात वळती कराल का? विमानाचे तिकीट जाण्यायेण्याचे सलग एकच आहे का? आणि निघण्यापूर्वी सरकारी सल्ला बदलला म्हणून आम्ही नकार दिला, तर कोणत्या तारखेपर्यंत किती पैसे परत मिळतील? पहिल्याला होकार आला. दुसऱ्यालाही होकार आला आणि तिकिटाचा नमुनाही पाठवला. तिसऱ्याला उत्तर म्हणून त्यांनी हसरा चेहरा आणि ‘मॅडम, काळजी करू नका’ असे पाठवले आहे.

दर्यावर्दी_वास्को
तिसऱ्याचे उत्तर शिक्क्यासह कागदावर येईपर्यंत दुसरा हप्ता भरू नका, चवथ उलटून गेली तरी.

जुना_कुवेतकर
मघतासला गेलात तर वहिनींना सांगा, थोडे पाणी बाटलीत आणावे. आमच्या वाड्यावरच्या एका म्हातारीने १९९० साली मला तेच सांगितले होते, आणि मी तेव्हा फक्त विमान शोधत होतो.